नोंदवहीतलं गाव

निरनिराळ्या विद्यापीठांच्या संग्रहालयांतून आलेले माझे सहकारी आणि कांद्याची कामं बाजूला ठेवून इथे बसलेले आळे, कोळवाडी, संतवाडी आणि बोरीचे ग्रामस्थ,

अध्यक्षपदाच्या या खुर्चीवर एरवी उत्खनन करणारी किंवा ग्रंथ लिहिणारी माणसं बसतात. वस्तू सांभाळणाऱ्याला तिथे बसवण्याची बुद्धी आयोजकांना झाली, याबद्दल त्यांचे आभार मानतो आणि औपचारिकता इथेच संपवतो. विद्यापीठाच्या पगारपत्रकात आमच्या पदाला कुठे संग्रहपाल म्हणतात, कुठे तांत्रिक सहायक, तर कुठे नुसतेच परिचर. काम मात्र सगळीकडे एकच असतं. जी वस्तू आत आली ती कुठून आली, कोणी आणली, कशासोबत सापडली, हे संस्थेला विसरू द्यायचं नाही. माणसं निवृत्त होतात, विभागप्रमुख बदलतात, इमारती पाडल्या जातात. साठा राहतो.

विद्यापीठीय संग्रहालयांचं हे अधिवेशन पुण्याच्या वातानुकूलित सभागृहात न घेता जुन्नर तालुक्यातल्या आळ्याला का घेतलं, असं बऱ्याच जणांनी विचारलं. त्याचं उत्तर इथून जवळच, कुकडीच्या काठी आहे. बोरी बुद्रुकच्या नदीकाठच्या दरडीत पांढरट राखेचा एक थर आहे. ती राख चुलीतली नाही, ज्वालामुखीची आहे, आणि ज्वालामुखी आपल्या सह्याद्रीतला नाही, सुमात्रा बेटावरच्या तोबाचा आहे. सूक्ष्मदर्शकाखाली तिच्यात काचेचे बारीक, वाकडे तुकडे दिसतात. वितळलेल्या खडकातले बुडबुडे फुटल्यावर त्यांच्या भिंतींचे जे तुकडे उडाले, तेच हे. १९८०च्या दशकात डेक्कन कॉलेजच्या अभ्यासकांनी हा थर शोधला, आणि त्याच परिसरात आदिमानवाच्या दगडी हातकुऱ्हाडी आणि फरश्याही मिळाल्या.

मग वयाचा वाद सुरू झाला. पोटॅशियम-आर्गॉन पद्धतीने आधी राखेचं वय सुमारे १४ लाख वर्षं आलं. नंतर आर्गॉन-आर्गॉन पद्धतीने ते सुमारे ६ लाख ७० हजारांवर उतरलं. काही शास्त्रज्ञांनी काचेची रासायनिक घडण तपासून सांगितलं, की ही राख तोबाच्या सगळ्यात अलीकडच्या महास्फोटाची, म्हणजे साधारण ७५ हजार वर्षांपूर्वीची आहे. एका थराच्या वयात इतका फरक पडणं ही आमच्या विषयाला लाज आणणारी गोष्ट नाही. विज्ञान असंच चालतं. पण या साऱ्या वादात एक प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतो आणि त्याचं उत्तर कोणत्याही यंत्रात नाही. अमुक हातकुऱ्हाड राखेच्या खाली होती, राखेत होती, की वरून घरंगळून आली होती? खाली असेल तर ती राखेहून जुनी. घरंगळलेली असेल तर तिच्याबद्दल राख काहीच सांगत नाही. हे उत्तर मिळतं कुठे? पिशवीतल्या चिठ्ठीत. ज्याने तो दगड उचलला, त्याने त्या दिवशी शिसपेन्सिलीने दोन ओळी लिहिल्या की नाहीत, यावर लाखो वर्षांचा हिशेब टांगलेला असतो.

ती चिठ्ठी जवळून दाखवतो, कारण आमच्यातल्या तरुणांनाही हल्ली ती क्षुल्लक वाटते. उत्खननावर कापडी पिशवी भरली की चिठ्ठ्या दोन करायच्या. एक आत ठेवायची, एक तोंडाशी बांधायची. बाहेरची उंदीर कुरतडतो किंवा सुतळीसकट गळून पडते. आतली ओलीने लगदा होऊ नये म्हणून छोट्या प्लॅस्टिक पिशवीत घालायची. तिच्यावर गाव, साल, खड्डा, थर, खोली आणि तारीख लिहायची. शाई वापरायची नाही, कारण एका पावसाळ्यात ती पसरते. शिसं पसरत नाही. संग्रहालयात आल्यावर वस्तू कोरडी करायची, तिच्या न दिसणाऱ्या बाजूला पॅरालॉइड या पारदर्शक रेझिनचा पातळ थर द्यायचा, तो वाळला की बारीक निबाने काळ्या शाईत क्रमांक लिहायचा आणि वर पुन्हा एक थर द्यायचा. उद्या गरज पडली तर ॲसिटोनचा बोळा फिरवून सगळं काढता आलं पाहिजे. हातकुऱ्हाडीच्या धारेवर क्रमांक टाकणाऱ्याला मी आयुष्यात माफ केलेलं नाही. त्या धारेवर तिच्या वापराच्या खुणा असतात.

शेतकऱ्यांना हे समजायला वेळ लागणार नाही. सातबारा नसलेली जमीन कितीही काळीभोर असली तरी कोर्टात तिची किंमत शून्य. चिठ्ठी नसलेल्या वस्तूचं तसंच आहे.

खरं तर आळ्याच्या माणसांना जागेचं महत्त्व मी सांगावं, हेच धाडस आहे. ज्या रेड्याच्या मुखातून ज्ञानेश्वरांनी वेद वदवले, त्याची समाधी इथे आहे अशी परंपरा आहे, आणि तिच्या यात्रेला दरवर्षी दूरदूरचे वारकरी येतात. गोष्ट पैठणची, समाधी आळ्याची. हे अंतर लोकांनी सातशे वर्षांहून अधिक काळ नीट लक्षात ठेवलं आहे. परंपरेची तपासणी इतिहासकाराने खुशाल करावी. पण एका जनावराला कुठे ठेवलं हे न विसरणारा समाज आणि स्वतःच्याच कपाटात काय आहे हे विसरलेली विद्यापीठं यांत शिकायचं कोणी कोणाकडून, हे मला ठाऊक आहे.

विद्यापीठीय संग्रहालय सरकारी संग्रहालयापेक्षा वेगळं असतं. सरकारी संग्रहालय निवडून घेतं. आमच्याकडे संशोधनाचा गाळ येतो, आणि गाळ हा शब्द मी आदराने वापरतो. १९३९ साली डेक्कन कॉलेज पदव्युत्तर संशोधन संस्था म्हणून पुन्हा उभं राहिलं आणि ह. धी. सांकलिया तिथे पुरातत्त्वाचे प्राध्यापक झाले. त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी नेवासा, इनामगाव अशा ठिकाणांहून जे आणलं, त्यात काचेच्या कपाटात मांडण्याजोगं फार थोडं होतं. बाकी सगळी खापरं, हाडं, जळलेले धान्याचे दाणे आणि मातीचे नमुने. तुमची कुकडी पुढे घोडला मिळते. त्याच घोडच्या काठी, शिरूर तालुक्यात, इनामगावला १९६८पासून दहा-बारा वर्षांहून अधिक काळ उत्खनन चाललं. चार पायांच्या कच्च्या मातीच्या रांजणात बसवून पुरलेला माणूस तिथेच मिळाला. बघायला येणारे त्याच्यापुढे थांबतात, ते स्वाभाविकच आहे. पण तीन हजार वर्षांपूर्वीचा शेतकरी काय पेरत होता आणि पाऊस कमी झाल्यावर त्याच्या जेवणात काय बदललं, हे रांजणाने सांगितलेलं नाही. ते हाडांच्या आणि दाण्यांच्या पिशव्यांनी सांगितलं. त्या टाकाऊ समजून फेकल्या असत्या, तर इनामगाव एका विचित्र दफनाची गोष्ट होऊन राहिलं असतं.

एक वस्तू आणि एक साठा यांतला फरक जोगळटेंभीच्या निधीने फार सुंदर दाखवला. १९०६ साली नाशिकजवळ तेरा हजारांवर चांदीची नाणी एकत्र सापडली. नाणी क्षत्रप नहपानाची होती, आणि त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारला होता. असं एक नाणं सराफाच्या पेटीत दिसलं असतं, तर गंमत म्हणून बाजूला ठेवलं गेलं असतं. हजारो एकत्र मोजली गेली म्हणून एका सत्तेने दुसरीला हरवल्याचा तो पुरावा ठरला. त्याच नहपानाचा अमात्य अयम याचा लेख जुन्नरच्या मानमोडीच्या लेण्यात आहे, म्हणजे ही गोष्ट तुमच्या घरचीच.

सातवाहनांचा विषय निघाला आहे, तर आमच्या लोकांसाठी त्यांच्या शिशाच्या नाण्यांपाशी थोडं थांबतो. जुन्या सागवानी कपाटांचा आपल्याला फार अभिमान. कप्पे रेखीव, पितळी कड्या, वर मखमल. लाकडातून आम्लाची वाफ हळूहळू सुटत राहते आणि बंद कप्प्यात शिसं ती शोषून घेतं. नाण्यावर आधी पांढुरकी साय दिसते, मग पीठ होतं आणि शेवटी कप्पा उघडल्यावर राजाचं नाव बोटाला लागून येतं. ते पीठ विषारी असतं, हे वेगळंच. चोर आला नाही, आग लागली नाही, पाणी शिरलं नाही, आपण मायेने ठेवलेल्या कपाटानेच नाणं खाल्लं. शिसं पोलादी कपाटात, पॉलिथिनच्या डबीत ठेवा. सागवानी कपाटं हवी तर कुलगुरूंच्या दालनात शोभेला द्या.

आग लागते तेव्हा काय होतं, हे २ सप्टेंबर २०१८च्या रात्री जगाने पाहिलं. रिओ द जानेरोमध्ये ब्राझीलचं राष्ट्रीय संग्रहालय जळालं. तिथे सुमारे दोन कोटी वस्तू होत्या, आणि ते संग्रहालय विद्यापीठाचंच होतं, हे आपल्याकडच्या बातम्यांत बहुतेकांनी वाचलंच नाही. चोरीचं उदाहरण लंडनचं. ब्रिटिश म्युझियममधून जवळपास दोन हजार वस्तू गहाळ झाल्याचं, चोरीला गेल्याचं किंवा खराब झाल्याचं २०२३ साली उघड झालं. त्यांतल्या पुष्कळ वस्तूंची नीट नोंदच नव्हती. नोंद नसलेली वस्तू हरवली, हे सिद्ध तरी कसं करणार? आपल्याकडे मौल्यवान वस्तूंची नोंद कधी कधी खुर्च्या-टेबलांबरोबर डेडस्टॉकच्या वहीत केलेली आढळते. लेखापरीक्षक आला की ‘मूर्ती, दगडी, नग एक’ मोजून खूण करतो आणि जातो. त्याच्या दृष्टीने सगळं ठीक असतं.

आता मूळ मुद्द्यावर येतो. समजा उद्या आळ्याचा एखादा शिक्षक आपल्या संग्रहालयात आला आणि त्याने विचारलं, ‘आमच्या गावचं तुमच्याकडे काय आहे?’ आपल्यापैकी किती जण तासाभरात उत्तर देऊ शकतील? आपल्या वह्या दाखल क्रमांकाने चालतात, उत्खननाच्या संकेताक्षरांनी चालतात, प्राध्यापकांच्या नावाने चालतात. गावाने चालत नाहीत. त्यात वह्या इंग्रजीत. महाराष्ट्रात बोरी नावाची गावं कमी नाहीत, एक परभणी जिल्ह्यातही आहे. नुसतं बोरी लिहिलेली पिशवी वीस वर्षांनी उघडणाऱ्याने करायचं काय? गाव, तालुका, जिल्हा, नदी आणि शक्य तिथे गट क्रमांक, हे देवनागरीत लिहिलं गेलं पाहिजे. यंत्रणा महागडी लागत नाही. साधी वही पुरते.

वस्तू गावाला परत द्या, अशी मागणी अधूनमधून होते. मी तिच्या सरसकट बाजूने नाही. राखेचे नमुने आणि हाडं सांभाळायला कोरडी खोली, माणूस आणि पगार लागतो, आणि नंतर कुलूप लावण्यासाठी उद्घाटन करायचं असेल तर वस्तू पुण्यातच बऱ्या. पण तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी आपल्या गावच्या मातीतल्या वस्तू गोळा करून जो संग्रह उभा केला, त्यावर पुढे शासनाचं संग्रहालय झालं, हेही मी विसरत नाही. उलट साताऱ्याला दत्तात्रय बळवंत पारसनीसांनी जमवलेला मराठ्यांच्या इतिहासाचा संग्रह १९३९ साली पुण्याला डेक्कन कॉलेजात आला. तो तिथे वाचला, हे खरं. साताऱ्याला त्याची चुटपुट लागत असेल तर तीही खरी. वस्तू कुठे राहाव्यात यावर वाद घालता येईल. माहिती गावाला द्यायची की नाही, यावर वाद नाही.

ग्रामस्थांकडे माझं मागणं वेगळं आहे. कालव्याचं पाणी आलं, जमिनी सपाट झाल्या, जेसीबी बांधापर्यंत पोचला. नदीकाठी वेगळ्या आकाराचा दगड, राखेचा थर किंवा हाड दिसलं, तर ते उपसू नका, धुऊ नका, घरी देव्हाऱ्यातही नेऊ नका. जागच्या जागी फोटो काढा, शेजारी पट्टी किंवा पेन ठेवा, गट क्रमांक लिहा आणि कळवा. नाणी किंवा दागिने सापडले, तर १८७८च्या कायद्याने दहा रुपयांहून अधिक किमतीच्या गुप्तधनाची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. कायदा जुना आहे, पण लागू आहे. आणि बोरीची राख कोणी खेळ म्हणून पिशवीत भरून नेत असेल, तर त्याला थांबवा, मग तो माझ्यासारखा विद्यापीठाचा माणूस असला तरी त्याच्याकडे परवानगीचं पत्र मागा.

सहकाऱ्यांनो, परत गेल्यावर नव्या दालनाचा प्रस्ताव लिहिण्याआधी एक काम करा. आपापल्या कपाटांतून कुकडी, मीना आणि घोडच्या खोऱ्यांतलं जे काही आहे, त्याची गाववार यादी मराठीत करा. वस्तू, साल, कोणी आणली, आज कोणत्या कपाटात आहे, एवढंच लिहा. जिथे चिठ्ठी हरवली आहे, तिथे ‘चिठ्ठी नाही’ असं स्वच्छ लिहा. यादीची एक प्रत त्या त्या ग्रामपंचायतीला आणि एक गावच्या शाळेला पाठवा. पुढच्या अधिवेशनात अध्यक्ष कोणीही असो, त्यांनी भाषणाआधी एवढंच विचारावं, की किती गावांना यादी पोचली.