‘वॉच आउट’ : सावधगिरीचा इशारा कसा शिकवावा



महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून शिकविले जाते. मुले शब्द पाठ करतात; परंतु ‘वॉच’ म्हणजे पाहणे आणि ‘आउट’ म्हणजे बाहेर, एवढ्याच भांडवलावर ‘वॉच आउट’चा अर्थ ‘बाहेर पाहा’ असा लावतात. ही चूक केवळ गुण घालविणारी नव्हे. भाईंदर स्टेशन सोडून लोकल वसईच्या खाडीवरील पुलाकडे धावत असता दाराशी उभ्या असलेल्या मुलास कोणी ‘लुक आउट!’ असे ओरडून सांगितले, आणि त्याने आज्ञा समजून डोके बाहेर काढले, तर रुळालगतचा खांब त्याला दुसरी संधी देणार नाही.

क्रियापदास लहानसा शब्द जोडला की इंग्रजीत पुष्कळदा तिसराच अर्थ उत्पन्न होतो. मराठी मुलास असा अर्थपालट परका नाही. ‘शेळी सांभाळ’ यातील ‘सांभाळ’ निराळा, आणि निसरड्या पायरीवर आई ओरडते तो ‘सांभाळ!’ निराळा, हे त्यास कोणी शिकविलेले नसते. पाठाचा प्रारंभ तेथूनच करावा.

‘लुक आउट!’ व ‘वॉच आउट!’ हे दोन्ही तत्क्षणीचे इशारे होत. धोका कशाचा, हे सांगावयाचे असल्यास पुढे ‘फॉर’ येतो. जसे, ‘वॉच आउट फॉर द ट्रेन’. मात्र ‘लुक आउट ऑफ द विंडो’ म्हणजे खरोखरच खिडकीबाहेर पाहणे. आणि ‘लुक आफ्टर’ म्हणजे एखाद्याची काळजी वाहणे. हा भेद उदाहरणांनीच ठसतो, व्याख्येने नव्हे.

यासाठी पटांगणावर चुन्याच्या दोन रेघा ओढून त्यांना रूळ मानावे. मूल रेघेजवळ येताच ‘वॉच आउट!’ म्हणावे, त्याने थबकून एक पाऊल मागे घ्यावे. मग मुलांनीच एकमेकांस इशारा द्यावा. उत्तनच्या किनाऱ्यावरील मुलांसाठी रुळांऐवजी होडीचा ताणलेला दोर किंवा ओला खडक घ्यावा. थट्टेने इशारा देणाऱ्यास ‘लांडगा आला रे आला’ या गोष्टीचे स्मरण द्यावे.

परीक्षेत अर्थ लिहिता येणे चांगलेच. परंतु इशारा कानी पडताच पाऊल थांबले, तरच हा पाठ पुरा झाला असे समजावे.