परक्या हाताची मदत

आईवडिलांची सेवा घरच्यांनीच करावी, असे आपण मानतो. मीही तसेच मानीत होतो. दिल्लीत नोकरीला असताना माझ्या आईला स्मृतिभ्रंश जडला. पहिली दोन वर्षे मी तिच्यासाठी बाहेरचे कोणीही ठेवले नाही, आणि त्याला कर्तव्यनिष्ठा असे भारदस्त नाव दिले. वस्तुतः सेवा करीत होती ती माझी पत्नी. मी सकाळी कचेरीत जात असे. ती मात्र रात्रीही तीन-तीन वेळा उठत असे, कारण आई मध्यरात्री दार उघडून कऱ्हाडला जावयास निघे. केंद्र सरकारच्या नोकराला वर्षाकाठी ३० दिवसांची अर्जित रजा मिळते आणि हा रोग वर्षानुवर्षे चालतो. हे साधे गणित मला सुटले नाही; एके दिवशी पत्नीच स्वयंपाकघरात भोवळ येऊन पडली, तेव्हा सुटले.

मग एका एजन्सीकडून बाई मागविली. महिन्याभरात त्यांनी चार निरनिराळ्या बायका पाठविल्या. या रोगात नवी आठवण प्रथम पुसली जाते आणि जुनी पुष्कळ काळ टिकते. त्यामुळे नवा चेहरा आईला रोज सकाळी नवाच वाटे, आणि तो ओळखीचा होण्याच्या आत बदलून जाई. मदत घ्यावयाची तर ती लवकर, रोग्याला नव्या माणसाची सवय होऊ शकते तोवरच घ्यावी, हे मला फार उशिरा उमगले.

परप्रांतात राहणाऱ्या आपल्यासारख्यांची आणखी एक अडचण असते. पंधरा वर्षे भाजीवाल्याशी व शेजारणींशी बोलून आईने कमावलेली हिंदी तिच्या जिभेवरून आधी उतरली. उशिरा शिकलेली भाषा आधी जाते, असे अनेक रुग्णांत आढळते. बाई ‘पानी पीजिए’ म्हणे आणि आई भिंतीकडे तोंड फिरवी. आम्ही तो हट्ट समजलो.

चौथी बाई फार मायेची होती. एका संध्याकाळी आईने, हिने माझ्या पाटल्या चोरल्या, असा आकांत मांडला. वस्तू स्वतःच कोठेतरी ठेवून चोरीचा आळ घेणे हे या रोगाचे नेहमीचे लक्षण आहे. मला ते डॉक्टरांनी सांगितले होते. मी ते बाईला सांगितले नव्हते. शिवाय खरे सांगतो, क्षणभर मीही तिच्या पिशवीकडे पाहिले. तिने ते पाहिले. ती त्याच रात्री गेली. पाटल्या आठवड्याने तांदळाच्या डब्यात मिळाल्या. ती तोवर आपल्या गावी निघून गेली होती.

पाचव्या बाईला मात्र पहिल्याच दिवशी सारे सांगितले: आईला नहाणीघराची भीती वाटते, ताटात एका वेळी एकच पदार्थ वाढावा, आळ घेतला तर वाद न घालता शोधू लागावे. मौल्यवान वस्तू तिच्या देखतच कुलपात ठेवल्या, तिच्या साप्ताहिक सुटीचा वार ठरविला आणि तो वार माझ्याकडे घेतला. ‘उठा’, ‘जेवायचं का’, ‘पाणी हवं का’ असे वीस मराठी शब्द कागदावर लिहून दिले. ती झारखंडची, आठवड्यात तिने ते पाठ केले.

माणसे कोठे शोधावी, हा प्रश्न उरतोच. १९९२ साली केरळात स्थापन झालेल्या अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया या संस्थेच्या शाखा अनेक शहरांत आहेत. वृद्धांसाठी १४५६७ हा सरकारी दूरध्वनी क्रमांकही आहे. त्यावर माहिती व सल्ला विनामूल्य मिळतो. तेथे बाई मिळेलच असे नाही. पण विचारावे कोणाला, हे तरी कळते.

संध्याकाळी बाई घरी जावयास निघते, तेव्हा आई दारापर्यंत जाते आणि विचारते, ‘‘माहेरी चाललीस का गं?’’ त्या वीस शब्दांत या प्रश्नाचे उत्तर मी लिहून दिले नव्हते. तरी ती म्हणते, ‘‘हो आई, उद्या येते.’’