रकाना



मी कॉल सेंटरसाठी सॉफ्टवेअर लिहिते. जूनमध्ये न्यूयॉर्कला सकाळचे 9 वाजतात, तेव्हा मनिलात रात्रीचे 9. तिथल्या मुलामुलींचा दिवस तेव्हा सुरू होतो. रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेसाठी कायद्याने किमान 10 टक्के जादा वेतन मिळतं. पण पाणी प्यायला उठलं, तरी नोंद होते. ती नोंद करणारा प्रोग्रॅम मी लिहिलाय.

एकदा एकीच्या नावापुढे सात मिनिटं जास्त दिसली. चौकशी केली. ग्राहकाने शिव्या दिल्या म्हणून ती बाहेर जाऊन रडत होती. प्रोग्रॅममध्ये त्याला रकानाच नव्हता.

आपल्या वर्गात कुणी रडलं, तर बाई हजेरी थांबवायच्या. तो रकाना मी नंतर घातला. तुम्ही फोनवर आवाज चढवण्याआधी एवढं आठवा.