विम्याचे काम : एक अनुभव
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



विमा कंपनीचे काम कसे असते, या विषयावर चार शब्द बोलावे अशी कार्यवाहांनी आम्हांस आज्ञा केली. आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले आणि सारी हयात प्राथमिक शाळेत घालविलेले गृहस्थ. विमाशास्त्रावर व्याख्यान देण्याचा आमचा अधिकार नाही. परंतु निवृत्तीनंतर सहा वर्षे एका विमा कंपनीचे प्रतिनिधी म्हणून आम्ही घरोघर हिंडलो. त्यात जे शिकलो ते, आणि जे चुकलो तेही, ज्ञातीपुढे ठेवणे हे आमचे कर्तव्य आहे असे आम्ही समजतो.

प्रथम थोडा इतिहास. आपल्या देशात आयुर्विम्याचा धंदा पूर्वी अनेक खाजगी कंपन्यांच्या हाती होता. त्यांतील काही बुडाल्या आणि पोटाला चिमटा घेऊन हप्ते भरणाऱ्यांचे पैसे गेले. म्हणून १९ जानेवारी १९५६ रोजी सरकारने हा धंदा आपल्या ताब्यात घेतला. त्या वेळचे अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी ही गोष्ट आकाशवाणीवरून देशास कळविली. २४५ संस्थांचा कारभार एकत्र होऊन १ सप्टेंबर १९५६ रोजी आयुर्विमा महामंडळ स्थापन झाले. पुढे १९९९ च्या कायद्याने खाजगी कंपन्यांना पुन्हा दार उघडले. आज ग्राहकापुढे अनेक दुकाने मांडलेली आहेत, आणि म्हणूनच पारख करण्याची जबाबदारीही वाढली आहे.

प्रतिनिधी हा कंपनीचा पगारदार नव्हे. त्यास मिळते ते कमिशन. ते पहिल्या वर्षी बरे असते, पुढील वर्षांत थोडे. या एका गोष्टीत या धंद्याचा सारा स्वभाव आला. नवा विमा आणणाऱ्याचा सत्कार होतो. जुना विमा बंद पडू नये म्हणून दोन खेपा घालणाऱ्यास कोणी विचारीत नाही. मार्च महिना आला की वरिष्ठांचे दूरध्वनी सुरू होतात आणि आकड्यांची घाई होते.

आमच्यासारख्या निवृत्त शिक्षकास कंपनीने का बोलाविले, हेही आम्हांस लवकरच कळले. आम्हांस विमा कळतो म्हणून नव्हे. तर गावातील दोन पिढ्या आम्हांस "गुरुजी" म्हणतात आणि ज्ञातीतील घराघरांत आमचा चहा होतो म्हणून. जन्मभर दुसऱ्यांच्या परीक्षा घेतल्यानंतर साठीच्या घरात आम्ही संगणकापुढे बसून परीक्षा दिली व उत्तीर्ण झालो. खरी परीक्षा पुढेच होती. ज्या घरी पूर्वी आदराने पाट मांडला जाई, तेथे आता "हे बाहेर गेले आहेत" असे उत्तर मिळू लागले, आणि बाहेर गेलेल्यांच्या चपला दारातच दिसत! आम्हांस राग आला नाही. मरणाची गोष्ट काढणारा पाहुणा कोणास आवडेल?

आता मुख्य गोष्ट सांगतो. ती सांगण्यास त्या घरातील भगिनींची अनुज्ञा आम्ही घेतली आहे. नाव मात्र घेत नाही.

आपल्याच एका ज्ञातिबंधूंचा विमा आम्ही उतरविला. वय चाळीसच्या आसपास, छोटे दुकान, दोन मुले. अर्ज आम्हीच भरीत होतो. मधुमेह आहे काय, हा प्रश्न आला. ते हसून म्हणाले, "गुरुजी, थोडी साखर आहे, पण गोळी चालू आहे. ते कशाला लिहिता? उगाच तपासण्या मागे लागतील." मार्चचा शेवटचा आठवडा होता. आम्ही "नाही" असे लिहिले. त्यांनी खाली सही केली.

दुसरे वर्ष संपण्यापूर्वीच ते हृदयविकाराने गेले. विमा उतरविल्यापासून तीन वर्षांच्या आत मृत्यू झाला, तर कंपनी बारकाईने चौकशी करते. कायद्याने तिला तो अधिकार आहे. इस्पितळाच्या कागदांत जुन्या मधुमेहाची नोंद निघाली आणि दावा नामंजूर झाला. भरलेले हप्ते तेवढे परत आले. अर्जावरील अक्षर आमचे आहे व आजार आम्हांस ठाऊक होता, असे आम्ही कंपनीस लेखी कळविले. पुढे त्या भगिनींसह विमा लोकपालांकडेही गेलो. तेथे वकील लागत नाही, शुल्कही पडत नाही. निकाल विरुद्ध गेला, कारण सही खुद्द विमेदाराची होती.

बंधुभगिनींनो, आजार खरा लिहिला असता तर तपासणी झाली असती, कदाचित थोडा जादा हप्ता पडला असता. पण मधुमेह असलेल्यांनाही विमे मिळतात, आणि जो मिळाला असता तो खरा ठरला असता. खोट्या बेरजेस शून्य गुण देण्यात आमची नोकरी गेली, आणि एक खोटा शब्द आम्ही आपल्याच हाताने लिहिला. त्या भगिनी आम्हांस एक शब्दही बोलल्या नाहीत. त्या बोलल्या असत्या तर बरे झाले असते.

आम्ही काम सोडले नाही. काम करण्याची रीत बदलली. आता अर्जातील प्रत्येक प्रश्न मोठ्याने वाचतो, घरातील बाईमाणसांसमक्ष वाचतो, आणि उत्तर विमेदाराच्या हातानेच लिहवून घेतो. आमचा धंदा कमी झाला आहे. झोप मात्र लागते.

या अनुभवावरून चार सूचना करतो. पहिली, ओळखीच्या भरवशावर कोऱ्या अर्जावर सही करू नका. समोर गुरुजी असले तरी नाही. दुसरी, आजार व व्यसन लपवू नका. तिसरी, हप्त्याची तारीख सांभाळा. वार्षिक, सहामाही व तिमाही हप्त्यास तीस दिवसांची आणि मासिक हप्त्यास पंधरा दिवसांची सवलत असते. त्यानंतर विमा बंद पडतो. चौथी, वारस म्हणून कोणाचे नाव लावले आहे ते पाहा. लग्नापूर्वी लावलेले आईचे नाव, आई जाऊन दहा वर्षे झाली तरी तसेच राहिलेले आम्ही कितीदा तरी पाहिले आहे. विम्याचे कागद कोठे ठेवले आहेत, हे पत्नीस ठाऊक असावे.

मंडळास एक नम्र विनंती आहे. पुढील स्नेहसंमेलनात वधूवर सूचक केंद्राच्या मेजाशेजारी आणखी एक मेज मांडावे. सभासदांनी आपापल्या पॉलिसी घेऊन यावे; आम्ही व या कामातील आपली तरुण मंडळी हप्ते, वारस व पत्ते तपासून देऊ. तेथे नवा विमा विकला जाणार नाही, ही हमी आम्ही देतो.

मयताच्या घरी पिठले-भाकरी घेऊन जाण्याची रीत आपल्या वाडवडिलांनी घालून दिली. ते पहिल्या दिवसांचे झाले. तेराव्यानंतरच्या दिवसांची तजवीज करणे, हेच विम्याचे काम आहे; आणि ती तजवीज खऱ्या कागदावरच उभी राहते.