बालवाडीचें आंगण

(धर्मग्रामाच्या सुवर्ण महोत्सवानिमित्त भरलेल्या पालक सभेंत धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



महोत्सवाच्या वर्षांत कमानी उभ्या राहतात, रोषणाई होते आणि पूर्वजांचें स्मरण होतें. तें उचितच आहे. परंतु आज आपणांस येथें बोलाविलें आहे तें एका लहानशा पण निकडीच्या कारणासाठीं. आपल्या बालवाडीच्या पालकांनीं आमच्याकडे अर्ज केला आहे. तीन वर्षांच्या मुलांकडून अक्षरें गिरवून घ्यावीं, त्यांस रोज घरचा अभ्यास द्यावा, सहामाहीस परीक्षा घ्यावी, आणि बाईंनीं मुलांशीं घरच्या बोलींत न बोलतां इंग्रजींत बोलावें, अशी त्यांत मागणी आहे. तसें न झाल्यास येत्या जूनपासून मुलें दुसरीकडे घालूं, असेंही लिहिलें आहे. अर्जावर निम्म्याहून अधिक घरांच्या सह्या आहेत. तेव्हां हा प्रश्न हंसण्यावारी नेण्याजोगा नाहीं. बालवाडी चालेल कीं तिला कुलूप लागेल, हें त्यावर ठरणार आहे.

अर्जामागील हेतु वाईट आहे असें आम्ही म्हणत नाहीं. वसईच्या ह्या पट्ट्यांत ज्यांच्या आजोबांनीं केळीच्या व पानवेलींच्या बागांत राबून मुलांस शिकविलें, त्यांस शिक्षणाची भूक केवढी असते हें आम्ही जाणतों. शेजारच्या मुलानें इंग्रजी गाणें घडाघडा म्हटलें कीं आईच्या काळजांत धस्स होतें. म्हणूनच आज आम्ही थोडी जुनी हकीकत सांगणार आहों. कारण ज्या पद्धतीचें 'नवी' म्हणून आपणांस भय वाटतें, ती शंभर वर्षांहून जुनी असून तिचा उगम एका कॅथॉलिक स्त्रीच्या कामांत आहे.

मारिया मोंतेस्सोरी ह्या १८७० सालीं इटलींत जन्मल्या आणि १८९६ सालीं रोमच्या विद्यापीठांतून वैद्यकीची पदवी घेऊन बाहेर पडल्या. मंदबुद्धि म्हणून टाकून दिलेल्या मुलांमध्यें त्यांनीं प्रथम काम केलें. तीं मुलें हातांनीं वस्तु हाताळून पुष्कळ शिकलीं. मग धडधाकट मुलांस बाकांवर खिळवून कां ठेवितात, असा प्रश्न त्यांस पडला. ६ जानेवारी १९०७ रोजीं, म्हणजे तीन राजांच्या सणाच्या दिवशीं, रोमच्या सान लोरेन्सो नांवाच्या मजूरवस्तींत त्यांचें पहिलें बालगृह उघडलें. तें उघडण्याचें कारण मोठें मौजेचें आहे. तेथील चाळी एका संस्थेनें नुकत्याच दुरुस्त केल्या होत्या. आईबाप कामावर गेले कीं मागें राहिलेलीं मुलें जिन्यांवर हुंदडत व नव्या भिंती खराब करीत. भिंती वांचाव्या म्हणून मालकांनीं मुलांना एक खोली दिली! जगभर पसरलेल्या शिक्षणपद्धतीचा जन्म असा रंगसफेतीच्या काळजींतून झाला.

त्या खोलींत एके दिवशीं तीन वर्षांची एक मुलगी निरनिराळ्या जाडीचे लांकडी दट्टे त्यांच्या त्यांच्या भोंकांत बसवीत होती. सर्व बसले कीं ती ते पुन्हां काढी व पुन्हां बसवी. बाईंनीं इतर मुलांस तिच्याभोंवतीं गाणीं म्हणावयास लाविलें. तिनें मान वर केली नाहीं. मग तिला खुर्चीसकट उचलून टेबलावर ठेविलें. तिनें दट्टे मांडीवर धरून आपलें काम चालूं ठेविलें. चाळीसहून अधिक वेळां तें केल्यावर ती आपण होऊन थांबली आणि प्रसन्न मुद्रेनें इकडेतिकडे पाहूं लागली. तिला कोणी बक्षीस दाखविलें नव्हतें कीं छडी दाखविली नव्हती. लहान मुलाचें चित्त ठरत नाहीं, असें आपण सहज म्हणतों. पण तें ठरलेलें असतां "चल, जेवून घे" म्हणून हांक मारणारेही आपणच असतों.

आतां अक्षरांविषयीं, कारण अर्जाचा सर्व भर त्यांवर आहे. मोंतेस्सोरीबाई लेखनाच्या विरुद्ध मुळींच नव्हत्या. त्यांनीं खरखरीत कागदाचीं अक्षरें कापून पुठ्ठ्यांवर चिकटविलीं. मुलें त्यांवरून बोटें फिरवीत आणि तोंडानें ध्वनि उच्चारीत. दुसऱ्या वेळीं आकृति रंगवितांना पेन्सिल धरण्याची संवय हाताला होई. अशी कांहीं महिने तयारी झाल्यावर एका मुलानें खडूनें जमिनीवर चित्र काढतां काढतां एकाएकीं शब्द लिहिला, आणि आपणांस लिहितां येतें हें पाहून तो आनंदानें ओरडूं लागला. त्याच्यामागून इतरांनींही लिहिलें. हीं मुलें चार-पांच वर्षांचींच होतीं. म्हणजे आपल्यांत आणि त्यांच्यांत भांडण लिहिण्याचें नसून क्रमाचें आहे. तीन वर्षांच्या मुलाचें मनगट अद्यापि कोंवळें असतें. त्याच्याकडून पानभर 'अ' काढून घेतला तर त्याच्या पदरीं दुखरीं बोटें व अक्षरांचा कंटाळा ह्यांपलीकडे कांहीं पडत नाहीं.

कोणी म्हणेल, हें रोमचें झालें. तसलें महागडें साहित्य आम्हीं कोठून आणावें? ह्याचें उत्तर आपल्या पालघर जिल्ह्यानेंच दिलें आहे, आणि तें आपल्याला ठाऊक नसावें ह्याचें आम्हांस नवल वाटतें. ताराबाई मोडक ह्यांनीं भावनगरास गिजुभाई बधेका ह्यांच्याबरोबर मोंतेस्सोरी पद्धतीवर काम केलें व १९२६ सालीं नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना झाली. पुढें १९४५ सालीं त्या बोर्डीस आल्या. तेथें त्यांना अनुताई वाघ येऊन मिळाल्या. लहानपणींच वैधव्य आलेल्या ह्या बाईंनीं उरलेलें सर्व आयुष्य दुसऱ्यांच्या मुलांना दिलें. १९५७ सालीं काम डहाणू तालुक्यांतील कोसबाडच्या टेकडीवर गेलें. तेथील वारली आईबाप पहांटेच मजुरीस जात; मुलें बालवाडींत येत ना. तेव्हां बालवाडीच उठून पाड्यावर गेली आणि एखाद्या घराच्या आंगणांत बसली. तीच आंगणवाडी. लांकडी दट्ट्यांच्या जागीं तेथें खडे, शिंपले, बिया, पानें आणि माती आली. मोठीं मुलें गुरें राखीत, म्हणून शाळा त्यांच्यामागें कुरणांत गेली. तिला कुरणशाळा म्हणत. २ ऑक्टोबर १९७५ रोजीं सरकारनें बालविकासाची जी देशव्यापी योजना सुरू केली, तिच्या केंद्रांसही आंगणवाडी हेंच नांव आहे. मूल शाळेस योग्य आहे कीं नाहीं हें पाहणारे पुष्कळ. शाळा मुलास योग्य आहे कीं नाहीं हें ह्या दोघींनीं पाहिलें.

राहिली भाषेची गोष्ट. आमच्या सेमिनरीच्या दिवसांत संत ऑगस्टीनचें आत्मकथन आम्हांस वाचावें लागे. बालपणीं तो लॅटिन कसा शिकला तें त्यानें लिहिलें आहे: दाईंच्या लाडांत, हंसतखेळत, कोणाचा मार न खातां. ग्रीक मात्र त्याला धाक दाखवून शिकविली, आणि होमरसारखा गोड कवि असूनही ती त्याला कडू लागली. पंधराशेंच्यावर वर्षांनीं मोंतेस्सोरीबाईंनीं जें सांगितलें, त्याचें बीज आम्हांस येथें दिसतें. आपल्या पुष्कळ घरांत सामवेदी बोलतात. तीन वर्षांचें मूल रडत बालवाडींत येतें, तेव्हां बाईंनीं त्याचे डोळे पुसावे ते त्याच्या आईच्याच बोलींत. मग मराठी, मग इंग्रजी गाणीं व गोष्टी. त्यांस आमची हरकत नाहीं, उलट आग्रह आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेंही तीन ते आठ वर्षांचा काळ एक पायाभूत टप्पा मानून त्यांत खेळाला व घरच्या भाषेला मोठें स्थान दिलें आहे.

ह्या सर्वांचा विचार करून आम्हीं ठरविलें आहे तें असें. पांच वर्षें पुरीं होण्यापूर्वीं बालवाडींत घरचा अभ्यास दिला जाणार नाहीं व परीक्षाही होणार नाहीं. मूल काय करतें, कशांत रमतें, कोठें अडतें, हें बाई दर तीन महिन्यांनीं लिहून पालकांस देतील. शेवटच्या वर्षीं वाचन-लेखनाची रीतसर तयारी करविली जाईल, आणि पहिलींत गेल्यावर कोणाचें मूल मागें पडल्यास त्याला वर्षभर मोफत शिकविण्याची जबाबदारी धर्मग्राम घेईल. महोत्सवाच्या कमानीसाठीं जमलेल्या निधींतून बालवाडीच्या मागील आंगणांत वाळूचा हौद, मुलांच्या उंचीच्या फळ्या आणि हात धुण्यासाठीं खालीं लाविलेले नळ करावे, अशी सूचना आम्हीं पाद्रीभवनांतील बैठकींत मांडिली आहे. कमान बांबूची झाली तरी चालेल.

येत्या सोमवारपासून पंधरा दिवस बालवाडीचें दार सकाळीं नऊ ते अकरा पालकांसाठीं उघडें राहील. एका वेळीं दोघांनींच यावें, मागच्या बाकावर बसावें, आणि कृपा करून मुलांस खुणा करूं नयेत. त्यानंतर अर्जावरील आपली सही ज्यांस तशीच ठेवावयाची असेल त्यांनीं ती खुशाल ठेवावी. आम्ही त्यांच्या घरीं येऊन बोलूं.