चिलखताचं ओझं

माझा मुलगा आणि मी दोन वर्षं कामापुरतंच बोलत होतो. मे महिन्यात तो घरी आला आणि 'एल्डन रिंग' हा 2022 सालचा जपानी व्हिडिओ गेम त्याने माझ्यासमोर लावून दिला. माझं वय 61! वाटेत मार्गिट नावाचा काठीवाला राक्षस उभा. मी मेलो. जाड चिलखत चढवलं, तर आणखी लवकर मेलो.

तिसऱ्या रात्री मुलगा मागे येऊन उभा राहिला. "बाबा, वजन बघा." अंगावरचं ओझं क्षमतेच्या 70 टक्क्यांवर गेलं, की कोलांटी जड होते, माणूस धपकन पडतो, सावरायला वेळ लागतो. ढाल सतत वर धरली, की दम भरून यायलाही उशीर. भीतीपोटी मी दोन्ही करत होतो. शिवाय मार्गिट लबाड. काठी उगारून तो थबकतो; आपण घाईने कोलांटी मारतो आणि उठताना नेमके फटक्यात सापडतो.

शिरस्त्राण काढलं, छातीवरचं चिलखतही उतरवलं. "थांबा... थांबा... आता!" मुलगा सांगत होता.

पहाटे तीनला मार्गिट पडला. मी चहा टाकला. कप हातात घेऊन तो ओट्याशी टेकला आणि नोकरी का सोडली, ते सांगू लागला.