गोष्टीचा खेळ आणि पांढरा फळा

(गणेशोत्सवातील भाषणाचा मजकूर)



आज आपण एका खेळाविषयी बोलणार आहोत. टेबलाभोवती पाच-सहा जण बसतात. एक जण सूत्रधार होऊन प्रसंग सांगतो. बाकीचे एकेक पात्र घेतात आणि 'मी आता हे करतो' असे म्हणत गोष्ट पुढे नेतात. बेत जमला की फसला, ते फासा ठरवतो. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघा अमेरिकनांनी १९७४ साली 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नावाने असा खेळ काढला आणि हा प्रकार जगभर पसरला.

आम्हाला हा खेळ मोलाचा वाटतो, कारण तो बोलून खेळायचा असतो. आपली मुले शाळेत हिंदी बोलतात. आजीने मराठीत विचारले तरी उत्तर हिंदीत येते. 'मराठीत बोल' असे बजावून ती बोलत नाहीत. पण बंद दार उघडायचे आहे आणि दारावरच्या पहारेकऱ्याला मराठीच कळते, असे ठरले की शब्द शोधावेच लागतात.

अडचण एकच. सहा मुले एकदम बोलू लागली की कोण कुठे उभे आहे याचा मेळ राहत नाही. धीट मुले खेळ ओढून नेतात आणि ज्याची मराठी अडखळते ते मूल गप्प बसते. म्हणून सूत्रधाराशेजारी पांढरा फळा हवा.

फळ्यावर तीनच गोष्टी असाव्यात. एका कडेला पाळीचा क्रम. नाव लिहिलेले असले की गप्प मुलाची पाळी कोणी गिळू शकत नाही. मधे जागेचा साधा नकाशा. दुसऱ्या कडेला सर्वांनी लक्षात ठेवायच्या नोंदी : दोर एकच, दिवा आणखी तीन पाळ्या जळेल, किल्ली ताईकडे. बाकी सारे तोंडाने सांगायचे.

आपल्या हट्ट्याच्या बावडीचेच उदाहरण घेऊ. जमिनीखाली मजल्यामजल्याने उतरणारी ही वास्तू म्हणजे या खेळाला आयती मिळालेली जागा. पण सूत्रधाराने सारी बावडी आधीच काढून ठेवू नये. सुरुवातीला फक्त वरच्या पायऱ्या काढाव्यात. कोणी 'मी खाली उतरतो' म्हणाले, की पुढची कमान काढावी. जे पात्रांना दिसत नाही, ते फळ्यावरही दिसू नये.

ही युक्ती जुनी आहे. प्रशियाच्या सैन्यासाठी राइसविट्झ या अधिकाऱ्याने १८२४ मध्ये नकाशावरचा युद्धखेळ छापून प्रसिद्ध केला. त्यात पूर्ण चित्र फक्त पंचालाच माहीत असे. शत्रूची तुकडी दृष्टीच्या टप्प्यात आली, तरच तिची सोंगटी नकाशावर मांडली जाई.

आणि आपल्याकडे चित्रकथी आहेच. सिंधुदुर्गात कुडाळजवळच्या पिंगुळीचे ठाकर कलावंत रामायण-महाभारतातले प्रसंग कागदी चित्रे एकामागून एक दाखवत सांगतात. ही परंपरा जपणाऱ्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. चित्र जागेवर स्थिर असते. गोष्ट चालते ती कथेकऱ्याच्या वाणीने. आपल्या फळ्याचेही काम तेवढेच. चित्र फार सजवले की मुले चित्र बघत बसतात आणि बोलणे थांबते.

मार्कर सदा सूत्रधाराच्याच हातात नसावा. बुजऱ्या मुलाला नकाशा काढायला द्यावा. मग त्याला विचारावेच लागते, 'जिना डावीकडे वळतो की उजवीकडे?' खेळता खेळता आलेले नवे शब्द, जसे कमान, कोनाडा, खांब, भुयार, खालच्या कोपऱ्यात लिहावेत. आणि फळा पुसण्याआधी एका मुलाने त्या दिवसाची गोष्ट नकाशावर बोट ठेवून सर्वांना सांगावी. पुसल्यावर मागे उरायची ती त्याची मराठी.

खर्चाची धास्ती नको. फळा नसेल तर जुन्या कॅलेंडरची पाठकोरी बाजू चालते, अंगणातली फरशी आणि खडूही चालतो. सोंगट्यांना चिंचोके आहेत, फासा सापशिडीच्या डब्यात आहे.

राहिला सूत्रधार. तो बाहेरून आणायला नको. ज्या आजी-आजोबांना नातवंडे हिंदीत उत्तर देतात, त्यांच्याकडे गोष्टींचा साठा आहे आणि अस्सल मराठीही आहे. आमची एवढीच विनंती की, या दहा दिवसांत संध्याकाळच्या आरतीनंतर तासभर मंडपाच्या एका कोपऱ्यात एक टेबल आणि एक फळा मांडावा. आजी-आजोबांनी सूत्रधाराच्या जागी बसावे आणि पहिली पाळी सर्वांत कमी बोलणाऱ्या मुलाला द्यावी.